‘नाही’नंतरचं वाक्य

नकार देऊन वाक्य संपवणं सोपं असतं. ‘आलो नाही’, ‘खाल्लं नाही’, ‘पाऊस पडला नाही’ असं म्हटलं की बोलणं मिटतं. त्या नकाराला धरून पुढचं वाक्य जोडायचं असेल, तर मात्र भाषा आपल्याकडून जास्तीचा हिशेब मागते. जपानीच्या प्राथमिक व्याकरणात हा हिशेब फार स्वच्छ मांडला आहे. जे झालं नाही ते तुम्ही केलं नाही, की ते घडलंच नाही? दोन्हींसाठी क्रियापदाची रूपं निराळी आहेत. ‘न करता’ या अर्थाचं रूप ‘नाइदे’ने संपतं, ‘न झाल्यामुळे’ या अर्थाचं ‘नाकुते’ने. शिकणाऱ्याला दोहोंपैकी एक निवडावं लागतं आणि निवडताना घडलेल्या गोष्टीकडे पुन्हा एकदा नीट बघावं लागतं.

हे व्याकरण मी माकणीत शिकलो. माकणी धाराशिव जिल्ह्यात, लोहारा तालुक्यात, तेरणा नदीवर आहे. निम्न तेरणा प्रकल्पाचं धरण याच गावाजवळ आहे आणि आसपासची गावं त्याला माकणीचं धरण म्हणूनच ओळखतात. शिकायचं होतं ते माझ्या पुतणीला. तिने लातूरला नर्सिंग केलं आणि जपानमध्ये वृद्धांची शुश्रूषा करायला जायचं मनात धरलं. त्या देशात म्हातारी माणसं वाढत चालली आहेत आणि त्यांची काळजी घेणारे हात कमी पडत आहेत. म्हणून एप्रिल २०१९ पासून जपानने विशिष्ट कौशल्य असलेल्या परदेशी कामगारांसाठी निवासाचा नवा परवाना सुरू केला. जानेवारी २०२१ मध्ये भारताशी त्याबाबत सहकार्याचा करार झाला. या वाटेने जायचं तर जपानी भाषेच्या परीक्षेची एन ४ पातळी, किंवा तिच्या तोडीची दुसरी परीक्षा, पार करावी लागते. पुतणीचा वर्ग मोबाइलवर चाले. संध्याकाळी ती धडे मोठ्याने म्हणू लागली की मीही शेजारी बसायचो. बसता बसता मलाच त्याची गोडी लागली.

आमच्यापुढे ‘मिन्ना नो निहोंगो’ हे पुस्तक होतं. १९९८ पासून जगभरच्या वर्गांत ते वापरलं जातं. त्याच्या सतराव्या धड्यात क्रियापदाचं नकारी रूप येतं. ‘ताबेरु’ म्हणजे खाणं, त्याचं ‘ताबेनाइ’. ‘काकु’ म्हणजे लिहिणं, त्याचं ‘काकानाइ’. ‘इकु’चं ‘इकानाइ’. ‘सुरु’ आणि ‘कुरु’ ही करण्याची आणि येण्याची क्रियापदं अनियमित, त्यांची ‘शिनाइ’ आणि ‘कोनाइ’ अशी रूपं होतात. ‘करू नका’, ‘करावंच लागेल’ आणि ‘नाही केलं तरी चालेल’ हे तीन वाक्प्रयोगही त्याच धड्यात आहेत. ‘नाइदे’ लावून दोन वाक्यं जोडणं चौतिसाव्या धड्यात येतं आणि कारण सांगणारं ‘नाकुते’ एकोणचाळिसाव्यात. नकार कळल्यानंतर त्याला पुढे जोडायला शिकेपर्यंत पुस्तक इतकं थांबतं. मला हे थांबणं योग्य वाटतं. नकार उच्चारता येणं आणि नकाराचा परिणाम सांगता येणं यांत तेवढं अंतर असतंच.

‘नाइ’ ऐकून आपल्याला ‘नाही’ची आठवण होते, पण तो योगायोग आहे. जपानी आणि मराठी यांचं कूळ एक नाही. साम्य आहे ते बांधणीत. दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येतं आणि काळ सांगायचं काम शेवटचं क्रियापदच करतं. ‘आंघोळ करून, भाकरी खाऊन, बैल सोडून तो शेतात गेला’ या वाक्यात भूतकाळ फक्त ‘गेला’मध्ये आहे. आधीची सगळी कामं ‘ऊन’ प्रत्ययाने एकामागे एक उभी राहतात. जपानीत हेच काम ‘ते’ हा प्रत्यय करतो. ‘ताबेते’ म्हणजे खाऊन. ‘करून बघ’ याला जपानी माणूस ‘शिते मिरु’ म्हणतो आणि त्यातल्या ‘मिरु’चा अर्थ बघणं असाच आहे. ‘करून ठेव’ याला तो ‘शिते ओकु’ म्हणतो आणि ‘ओकु’ म्हणजे ठेवणं. कॉलिन मसिका या भाषाशास्त्रज्ञाने १९७६ साली दक्षिण आशियाच्या भाषिक क्षेत्रावर पुस्तक लिहिलं. त्यात अशा जोड-क्रियापदांचा आणि ‘ऊन’सारख्या रूपांचा माग त्याने भारताबाहेर पार जपानपर्यंत घेतला आहे. पुढे प्रशांत परदेशी यांच्यासारख्या मराठी अभ्यासकाने जपानमध्येच, तिथल्या राष्ट्रीय भाषा संस्थेत राहून, मराठी आणि जपानी यांची तुलना करणारं काम केलं. माकणीच्या ओसरीवर आमच्या ध्यानात आलेली गोष्ट विद्वानांनी कधीच नोंदवून ठेवली होती. त्याने आमचा हुरूप वाढलाच.

आता ‘खाऊन’ला नकार जोडून बघा. मराठी माणूस ‘न खाऊन गेला’ असं म्हणत नाही, ‘न खाता गेला’ असं म्हणतो. नकार आला की ‘ऊन’ बाजूला होतो आणि ‘ता’ येतो. शाळेत हे कोणी शिकवत नाही, पण चार वर्षांचं मूलही ते चुकत नाही. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त धातुसाधितांचा सविस्तर विचार आहे. तो वाचताना कळतं की रोज तोंडात असलेल्या या छोट्या प्रत्ययांवर आपल्या भाषेची केवढी भिस्त आहे. ‘ताबेनाइदे इकिमाशिता’ म्हणजे ‘न खाता गेलो’. शब्दाला शब्द लागतो, क्रमही तोच. पुतणीने हे वाक्य म्हटलं, क्षणभर थांबली आणि म्हणाली, “काका, आपलं ‘न विचारता’, ‘न सांगता’ म्हंजी हेच की!” हेच होतं. छत्री न घेता बाहेर पडणं, रिक्षा न करता चालत जाणं, कुठे न जाता घरी राहणं, या साऱ्यांना ‘नाइदे’ पुरतं. एक टाळून दुसरं केलं, किंवा एक वगळून दुसरं केलं. दोन्हींत करणारा माणूस हजर असतो आणि निर्णय त्याचा असतो.

‘नाकुते’मध्ये तसा निर्णय नसतो. ‘आमे गा फुरानाकुते, कोमात्ता’ म्हणजे पाऊस न पडल्याने पंचाईत झाली. बस न आल्याने उशीर झाला, अक्षर न लागल्याने अडचण झाली, भेट न झाल्याने वाईट वाटलं, ही सगळी ‘नाकुते’ची वाक्यं. इथे जपानीची एक अट आहे आणि ती मराठीत नाही. ‘नाकुते’ने कारण सांगितलं की पुढच्या वाक्यात हुकूम, विनंती किंवा इरादा चालत नाही. ‘पाऊस पडला नाही, म्हणून विहीर खोल करूया’ हे ‘नाकुते’ने म्हणता येत नाही. त्यासाठी ‘कारा’ हा दुसरा, कारण ठासून सांगणारा शब्द घ्यावा लागतो. ‘नाकुते’च्या पुढे फक्त जे वाटलं, जे झालं, जे जमलं नाही तेच येऊ शकतं. मराठीचं ‘मुळे’ इतकं काटेकोर नाही. ‘पाऊस न पडल्यामुळे विहीर खोल करूया’ असं आपण बेलाशक म्हणतो. त्यामुळे मराठी शिकणाऱ्याला इथे थांबून सावध व्हावं लागतं. आपली भाषा जिथे उपयोगी पडते तिथे तिचा हात धरावा आणि जिथे ती वेगळी आहे तिथे तो सोडावा, एवढं भान या नियमाने मला दिलं.

आमच्या भागात ‘नाकुते’ची वाक्यं शोधायला लांब जावं लागत नाही. पावसाचा भरवसा नसलेला हा मुलूख आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ही गोष्ट देशभर गाजली. ‘मिझु गा नाकुते’ म्हणजे पाणी नसल्याने. हा तुकडा शिकताना आम्हाला उदाहरण बनवावं लागलं नाही. पाऊस नाही म्हणून पेरणी लांबली, पेरणी लांबली म्हणून सोयाबीन हाती लागलं नाही, ते हाती लागलं नाही म्हणून शिक्षणाचे पैसे भरता आले नाहीत. शेतकऱ्याच्या घरात अशा नकारांची साखळी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. या साखळीत कोणाची कसूर नसते. तरीही आपल्याकडे पुष्कळदा ती ‘नाइदे’सारखी सांगितली जाते. मुलीचं शिक्षण ‘केलं नाही’, कर्ज ‘फेडलं नाही’, औषध ‘घेतलं नाही’, जणू साऱ्या गोष्टी हातात होत्या आणि माणसाने त्या टाळल्या. जपानी व्याकरणाने मला या जागी अडवलं. ‘केलं नाही’ म्हणण्याआधी ‘करता आलं नाही’ असं तर नव्हतं ना, हे विचारायची सवय लागली.

शुश्रूषेच्या कामात हा भेद जीवनमरणाचा होऊ शकतो. रात्रपाळीच्या नोंदीत ‘आजोबा न जेवता झोपले’ असं लिहिलं तर वाचणारा समजेल की त्यांना इच्छा नव्हती. ‘जेवता न आल्याने थकले होते’ असं लिहिलं तर तो घास गिळायला त्रास होतोय का ते बघेल. पहिल्यासाठी ‘ताबेनाइदे’ आहे. दुसऱ्यासाठी ‘ताबेरारेनाकुते’ आहे, म्हणजे खाण्याची शक्यताच नाकारणारं रूप. पुतणीने ही दोन वाक्यं वहीत एकाखाली एक लिहिली आणि मला जाणवलं की हा धडा परीक्षेपुरता उरलेला नाही. जिला एखाद्या अनोळखी म्हाताऱ्या माणसाचं न खाणं दुसऱ्यापर्यंत पोचवायचं आहे, तिला हे व्याकरण मनापासून यायला हवं.

एका रात्रीची आठवण या धड्याने पुन्हा जागी केली. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट, चारला काही मिनिटं कमी. किल्लारी-सास्तूरच्या भूकंपात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. सास्तूर आमच्याच तालुक्यातलं आहे. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. त्यानंतर कितीतरी रात्री या भागातली माणसं घरात न झोपता अंगणात, शेतात, उघड्यावर झोपली. दगडमातीच्या जाड भिंतींखाली जायची कोणाची हिंमत नव्हती. ती ‘नाइदे’ची रात्र होती. घरात न झोपणं हा ठरवून केलेला बचाव होता. आणि त्याच रात्री, त्याच अंथरुणावर, कोणाचाही डोळा लागत नव्हता. झोप न लागल्याने माणसं उठून बसत, एकमेकांना हाका मारत, गुरांकडे बघून येत. ती ‘नाकुते’ची रात्र होती. ‘आम्ही झोपलो नाही’ या एका मराठी वाक्यात दोन्ही रात्री एक होऊन जातात. ‘घरात न झोपता’ आणि ‘झोप न लागल्याने’ असं म्हटलं की त्या वेगळ्या होतात आणि माणसांनी त्या दिवसांत काय केलं आणि त्यांच्यावर काय गुदरलं, हे दोन्ही दिसू लागतं. त्या काळाबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा यातलं दुसरं तेवढंच सांगतो. पहिलंही सांगायला हवं. आमची माणसं तेव्हा फक्त सोसत नव्हती, ती ठरवतही होती.

‘नाइदे’चं एक जुनं, भारदस्त भावंडही आहे, ‘झुनि’. ‘ताबेझुनि’ म्हणजेही न खाता, पण हे रूप लिखाणात आणि औपचारिक बोलण्यात जास्त येतं. ‘सुरु’चं इथे ‘शिझुनि’ होत नाही, ‘सेझुनि’ होतं, आणि परीक्षेत हमखास तेच विचारतात. ‘नोमाझु कुवाझु’ म्हणजे न खाता न पिता आणि ‘शिराझु शिराझु’ म्हणजे नकळत. ही रूपं ज्या प्राचीन नकारातून आली, त्यावर मियाझावा केन्जी या कवीने एक अख्खी कविता उभी केली. केन्जीचा जन्म १८९६ चा, मृत्यू १९३३ चा. ईशान्य जपानच्या इवाते प्रांतातला हा माणूस शेतकी शाळेत शिकवायचा. पुढे नोकरी सोडून त्याने खतं आणि माती यांबद्दल शेतकऱ्यांना सल्ला द्यायला सुरुवात केली. त्याच्या जन्माच्या आणि मृत्यूच्या, दोन्ही वर्षी त्या किनाऱ्यावर मोठा भूकंप आणि त्सुनामी आली होती. १९३१ साली आजारपणात त्याने वहीत ती कविता लिहिली आणि ती त्याच्या मृत्यूनंतर सापडली. हार न मानता, राग न धरता जगण्याची आस तिच्यात नकारी रूपांच्या ओळीने येते आणि मुख्य क्रियापद अगदी शेवटी येतं. २०११ च्या भूकंपानंतर, इवातेचा किनारा पुन्हा उद्ध्वस्त झाला तेव्हा, जपानी लोकांनी तीच कविता पुन्हा वाचली. दुष्काळ आणि भूकंप दोन्ही बघितलेल्या आमच्या मुलखातल्या वाचकाला केन्जी परका वाटणार नाही. ‘न’च्या इतक्या पायऱ्या चढून गेल्यावर येणारं होकारी क्रियापद किती वजनदार असतं, हे त्याच्याकडून शिकावं.

ही रूपं कधी कधी पुढच्या वाक्याची वाटही बघत नाहीत. ‘इकानाइदे’ एवढंच म्हटलं तर त्याचा अर्थ ‘जाऊ नकोस’ असा होतो. आमच्या बोलीत ‘जाऊ नगं’. पुढे ‘कुदासाइ’ हा आर्जवाचा शब्द जोडला की ते अदबीचं होतं, पण जवळच्या माणसांत तो गाळला जातो आणि अर्धं वाक्यच पुरे होतं. ‘मुरि शिनाइदे’ म्हणजे झेपत नसेल ते करू नका, हे तर शुश्रूषेच्या कामात रोज कानावर पडणारं वाक्य. ‘नाकुते’ही असंच मध्ये सोडून देतात. ‘जिकान गा नाकुते…’ म्हणजे ‘वेळ नसल्याने…’, आणि पुढचं न बोलता समोरच्याने समजून घ्यायचं. तोंडावर नकार देणं जिथे जड जातं तिथे हे अर्धं वाक्य माणसाची लाज राखतं. आपल्याकडेही लग्नाला न आलेला पाहुणा ‘काय करावं, गाडीच मिळाली नाही, म्हणून…’ इतकंच म्हणतो आणि यजमान त्याला पुढचं बोलू देत नाही.

‘करावंच लागेल’ सांगणारा एक प्रयोग मात्र शिकणाऱ्यांना सर्वांत लांबलचक वाटतो. ‘इकानाकुते वा इकेमासेन’. इंग्रजीतून याचा अर्थ एका छोट्या शब्दात सांगून टाकतात आणि मुलं ते पाठ करतात. मराठीतून बघितलं तर पाठ करायची गरजच राहत नाही. ‘न जाऊन चालणार नाही.’ दोन नकार एकमेकांवर ठेवून सक्ती तयार करायची रीत दोन्ही भाषांत एकच आहे. इतकंच काय, शेवटचं क्रियापदही आपण चालण्याचं घेतो आणि ते जाण्याचं घेतात. ‘इकानाकुतेमो ई’ म्हणजे ‘नाही गेलं तरी चालेल’, तेही तसंच. आधी आपण पाहिलं की ‘न खाऊन गेला’ मराठीत चालत नाही, पण ‘न खाऊन कसं चालेल?’ हे मात्र चालतं. ‘ऊन’ला नकार सोसवतो तो नेमका याच जागी. माकणीची कुठलीही आजी नातवंडांना ते रोज म्हणते.

म्हणून मला वाटतं की हा धडा आपल्याकडे मराठीतून शिकवला गेला पाहिजे. महाराष्ट्रात जपानी शिकण्याची परंपरा मोठी आहे. पुण्यात विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात ती भाषा शिकवली जाते. जपानी भाषेची परीक्षा जुलै आणि डिसेंबरात होते आणि पुणे हे तिचं जुनं केंद्र आहे. पण ही आवड पुण्यापुरती राहिलेली नाही. तेव्हाच्या औरंगाबादपासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या गाडीवाट या गावी २०१९ साली जिल्हा परिषदेच्या शाळेने मुलांना विचारलं की कोणती परदेशी भाषा शिकायची. यंत्रमानवांच्या ओढीने बहुतेकांनी जपानी निवडली. पुस्तकं नव्हती, शिकवणारा नव्हता. शिक्षकांनी इंटरनेटवरच्या चित्रफितींवरून सुरुवात केली आणि पुढे शहरातल्या एका जाणकाराने मोफत शिकवायची तयारी दाखवली. मराठवाड्याच्या खेड्यात हे घडलं याचा मला अभिमान वाटतो. त्या मुलांपुढे ‘न खाता’ हे इंग्रजी वळणाने ठेवलं, तर आधी इंग्रजी शिका आणि मग जपानी, असा दुहेरी बोजा त्यांच्यावर पडतो. ज्यांचं मराठी बळकट आहे अशा मुलांचा त्यात तोटाच होतो.

जपानी शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. नकारी रूपांचा धडा आला की फळ्यावर आधी ‘न सांगता’ आणि ‘न आल्याने’ लिहा. मुलांकडून त्यांच्या गावातली वाक्यं मागा, पावसाची, बसची, पाण्याची, शाळेची. प्रत्येक वाक्याला विचारा की यात कोणाचा हात होता की नव्हता. उत्तर मराठीत मिळालं की ‘नाइदे’ आणि ‘नाकुते’ आपोआप आपापल्या जागी बसतील. ‘नाकुते’पुढे हुकूम चालत नाही, एवढी एक गोष्ट वेगळी शिकवावी लागेल, ती तेवढी शिकवा. बाकीचा धडा मराठी मूल बोलायला लागल्यापासूनच शिकलेलं असतं.